बुगडीसाठी वरचा कान टोचून दोन महिने झाले. भोक चिकटू नये म्हणून तार रोज फिरवावी का, आणि सणाला बुगडी घालता येईल का?

तार मुळीच फिरवू नये, आणि वरच्या कानात दोन महिन्यांत बुगडी घालू नये. हा प्रश्न वाचून माझ्या आत्याशी गेली सात वर्षे चाललेला वाद आठवला, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आजीची बुगडी माझ्या वाट्याला आली ती मोत्यांची, फिरकीची आणि चांगली जड होती. त्याच आठवड्यात मी गावातल्या एका दागिन्यांच्या दुकानात बंदुकीने कान टोचून घेतला, ही माझी पहिली चूक. कानाची पाळी मऊ असते आणि तिला रक्तपुरवठा भरपूर असतो. वरच्या भागात मात्र कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आणि बंदूक बोथट टोकाची कुडी जोराने दाबून आरपार घालत असल्यामुळे ती कूर्चा चेचली जाते.

आत्या तेव्हा आमच्याकडेच राहत होती. तिने पहिल्याच रात्री वाटीत हळद आणि खोबरेल तेल गरम केले आणि सकाळ-संध्याकाळ ते लावून कुडी गोल फिरवण्याचा नेम घालून दिला. कुडीच्या दांडीला पिवळसर खपली धरलेली असे, फिरवताना ती भोकात ओढली जाई, थेंबभर पाणी येई आणि आत्या समाधानाने म्हणे, "बघ, घाण बाहेर पडते आहे." ती घाण नव्हती. जखम भरताना भोकाच्या आत नव्या कातडीचे नाजूक अस्तर तयार होत असते, आणि ते आम्ही दिवसातून दोनदा फाडत होतो.

अकराव्या दिवशी हेल्मेट काढताना कुडी अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कान इतका सुजला होता की मागची फिरकी कातडीत रुतली होती, पाळी मात्र जशीच्या तशी होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच ओळखले की संसर्ग कूर्चेच्या आवरणात आहे, कारण पाळीत कूर्चा नसते. असा संसर्ग बहुधा स्यूडोमोनास जंतूमुळे होतो, त्यावर नेहमीच्या प्रतिजैविकांपैकी बरीचशी चालत नाहीत, आणि उशीर झाला तर कूर्चा मरून कानाचा आकार कायमचा बिघडतो, असे त्यांनी सांगितले. माझा कान वाचला, भोक मात्र बुजले.

दीड वर्षाने मी पुण्यात पोकळ सुईने पुन्हा टोचून घेतले. सूज येणार हे धरून टायटॅनियमची दांडी आधी लांब घातली होती, ती सूज उतरल्यावर सहा आठवड्यांनी त्याच कारागिराकडून आखूड करून घेतली. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ०.९ टक्के सलाईनने दिवसातून दोनदा कान भिजवला, मऊ होऊन आपोआप सुटेल तेवढीच खपली टिपली, त्या कुशीवर झोपले नाही आणि एरवी कानाला हात लावला नाही. तेल, हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतले काहीही वापरले नाही. बुगडी घातली ती दहा महिन्यांनी. तुम्हाला सणाला हौस करायचीच असेल, तर न टोचलेल्या कानाला प्रेसची बुगडी लावा.

आत्याचा अनुभव खोटा नाही, हेही सांगायला हवे. बारशाला सोनाराने बाळाची पाळी सोन्याच्या मऊ तारेने टोचली, तर हळद-तेल लावूनही ती बहुधा सहा-आठ आठवड्यांत भरते. पण पाळीचा नियम वरच्या कानाला लावता येत नाही. तुम्हाला मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझे काहीही ऐकू नका. कान लाल, गरम होऊन ठणकू लागला, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तार स्वतः काढू नका, कारण भोक बुजून पू आतच कोंडतो.

राहिला भोक चिकटण्याचा प्रश्न. कातडी धातूला चिकटत नाही. वाळलेली खपली चिकटते, आणि ती पाण्याने सुटते. भोक बुजते ते दागिना काढल्यावर. तुमच्या घरात तार फिरवायला कोण सांगत आहे ते मला ठाऊक नाही, पण त्यांना हे परिच्छेद वाचून दाखवा. आत्याने ते अजून मान्य केलेले नाहीत.