कर्ज तुझ्याच नावावर असू दे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

ट्रॉन्डहाइमला अभियांत्रिकीचा प्रवेश मिळाला असूनही तू इथे उत्तर नॉर्वेत, आल्ट्यातच घरी राहून दुसरे काहीतरी शिकायचे म्हणतेस आणि बाबा तुझ्यासाठी नाशिकचा फ्लॅट विकायला निघाले आहेत, हे वाचून मी अस्वस्थ झालो. तुझ्या हुशारीविषयी मी लिहीत बसत नाही. मला एकच सांगायचे आहे: कर्ज घे, आणि ते तुझ्याच नावावर घे.

कर्ज म्हटले की तुझ्या बाबांना सावकार आणि गहाण पडलेली जमीन आठवते. ती भीती मला परकी नाही. शिवाय 2023 पासून युरोपबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना नॉर्वेत शुल्क भरावे लागते, हे त्यांनी कुठेतरी ऐकले असणार. तू मात्र इथेच वाढलेली, कायमच्या निवास परवान्याची मुलगी आहेस. सरकारी विद्यापीठात तुला किरकोळ सत्रशुल्काखेरीज काही भरायचे नाही. प्रश्न आहे तो भाड्याचा आणि जेवणाखाण्याचा, आणि त्यासाठीच 1947 पासून लोनेकासेन ही सरकारी संस्था आहे. पूर्णवेळ शिकणाऱ्याला ती वर्षाला दीड लाख क्रोनरहून अधिक कर्ज देते आणि शिक्षण चालू असेतो त्यावर व्याज लावत नाही. आईवडिलांचे घर सोडून राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या कर्जापैकी 25 टक्के उत्तीर्ण झालेल्या विषयांच्या प्रमाणात आणि 15 टक्के पदवी पुरी केल्यावर अनुदानात बदलतात, म्हणजे तेवढे फेडावे लागत नाही. घरी राहिलीस तर हे रूपांतर होत नाही. भाडे वाचवण्यासाठी घरी राहणे वाटते तितके स्वस्त नाही, हे आईला कागदावर मांडून दाखव. आणि फ्लॅटचे पैसे तुझ्या खात्यावर जमा झाले, तर मालमत्तेची मर्यादा ओलांडली जाऊन तेच अनुदान कमी होऊ शकते. एवढा त्याग करून बाबा तुझेच नुकसान करतील!

‘पण फेडणार कशी?’ असे तू विचारतेस. अगं, तू राहतेस कुठे? तुझे आल्टा ज्यात येते तो फिनमार्क आणि शेजारचा उत्तर ट्रॉम्स, या भागांतली वस्ती ओसरू नये म्हणून 1990 पासून तिथे सवलती आहेत. त्या भागात सलग बारा महिने राहून नोकरी केली की पुढे दरवर्षी कर्जाचा 10 टक्के भाग माफ होतो. त्याला कमाल मर्यादा आहे. ती बराच काळ 25,000 क्रोनर होती, अलीकडे वाढवली आहे. ट्रॉम्सो शहर मात्र या क्षेत्रात येत नाही, तेव्हा तिथल्या नोकरीचे मनसुबे रचताना हे लक्षात ठेव. उद्या फिनमार्कातच हामरफेस्टला किंवा शिर्केनेसला परतलीस तर माफी मिळेल. ओस्लोत राहिलीस तर मिळणार नाही, पण त्याबद्दल कोणी रुसणारही नाही. या कर्जाच्या सगळ्या अटी लिहिलेल्या आहेत.

वडिलांच्या पैशाच्या अटी कुठेच लिहिलेल्या नसतात. माझे शिक्षण त्या पैशावर झाले. त्यांनी कधी हिशोब मागितला नाही आणि म्हणूनच मला तो कधी चुकता करता आला नाही. कोणती नोकरी धरावी, इतक्या उत्तरेला यावे की नाही, हे ठरवताना दर वेळी तो न मागितलेला हिशोब माझ्यासमोर येऊन बसे. म्हणून, हाताशी पैसे असूनही, माझ्या मुलाला मी कर्जच घ्यायला लावले. पुण्याच्या नातेवाइकांनी मला कंजूष ठरवले, काकू कित्येक दिवस धड बोलली नाही. तरी मी चुकलो असे मला आजही वाटत नाही. तो मला निर्णय कळवतो, परवानगी मागत नाही. (फोनही फारसा करत नाही, पण तो विषय वेगळा.)

तेव्हा आता घोळ घालू नकोस. प्रवेश स्वीकार आणि लगेच अर्ज कर. करारावर सही तुझी, वाचणारीही तूच. पुढे नोकरी लागायला उशीर झाला तर एकूण 36 हप्ते पुढे ढकलता येतात, हेही बाबांना सांग. त्यांची अर्धी धास्ती तिथेच आहे. फ्लॅट त्यांच्या उतारवयासाठी राहू दे. ते ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. रविवारी मीच त्यांना फोन करतो. तू त्याआधी अर्ज भरलेला असावा.

तुझा,
काका