‘काही सुचत नाही’ म्हणणारी मुलगी आणि इंग्रजीची वही

आठवी-नववी-दहावीच्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते. इंग्रजीची प्रश्नोत्तरं पाठ होतात, व्याकरणही बऱ्यापैकी जमतं, पण ‘स्वतःच्या मनाने लिहा’ असं आलं की मूल अडतं. गोष्ट पूर्ण करा, आलेला अनुभव लिहा, दोघांमधला संवाद लिहा, असा काही गृहपाठ दिला की वही कोरी राहते. नाहीतर मजकूर गाइडमधून, आणि हल्ली मोबाइलवरून, जसाच्या तसा उतरून येतो. मग आईवडील विचारतात, याला कल्पनाशक्तीच नाही का? इंग्रजी कच्चं आहे का? क्लास लावू का?

क्लास लावायची घाई करू नका, असं मी त्यांना सांगते. का सांगते, ते एका मुलीच्या अनुभवातून नीट कळेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची व तिच्या आईची परवानगी आहे.

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून ही आई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आली. घरात मुलीला सगळे ‘बाय’ म्हणतात, मीही तेच म्हणते. वडील होडीवर जातात. आई हर्णैच्या लिलावात मासळी घेते आणि दापोलीच्या बाजारात विकते. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजीच्या बाई उत्साही. दर आठवड्याला एक पान स्वतःच्या मनाने लिहून आणायचं, असा त्यांनी नेम घातला होता आणि त्यासाठी वेगळी वही करायला लावली होती.

ती वही आईने पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली. “मॅडम, हिला काय सुचतच नाय. घरात बोलायला लागली की थांबत नाय, आणि ही वही काढली की गप. बाई म्हणतात, आळशी झालीय.”

मी वही चाळली. अक्षर मोत्यासारखं. पहिल्या पानावर महाबळेश्वरची सहल होती: थंडगार वारा, हिरवीगार दरी, प्रफुल्लित मन. बाय महाबळेश्वरला कधी गेलेली नाही. पुढच्या पानावर रेल्वे स्टेशनवरचा एक तास. दापोलीला रेल्वे नाही. सगळ्यात जवळचं स्टेशन खेडचं. हमाल, चहावाले, धावपळ करणारे प्रवासी, सगळं यथास्थित होतं आणि त्यात एकही माणूस जिवंत नव्हता. त्यापुढची पानं मात्र नुसत्या शीर्षकांची. तारीख, खाली पट्टीने मारलेली रेघ, आणि लाल शाईत ‘अपूर्ण’.

आईला बाहेर बसायला सांगून मी बायशी बोलले. वहीचा विषय काढलाच नाही. आईबरोबर लिलावाला जातेस का, एवढंच विचारलं. ती खुलली. ओल्या वाळूत मांडलेले मासळीचे वाटे, होडीवरून माल उतरवून आणणाऱ्या बैलगाड्या, कुठली बाई किती चिवट, सगळं सांगत सुटली. मग म्हणाली, “बोली बोलणारा आहे ना, तो तोंडाने आकडा बोलतो पण बघतो घेणाऱ्याच्या पायांकडे. पाय मागे सरकले की समजायचं, हा आता वर चढत नाही. मग तो दुसऱ्याकडे वळतो.”

चौदा वर्षांच्या मुलीने टिपलेली ही गोष्ट आहे. हिला सुचत नाही, असं कोण म्हणेल?

म्हणजे कल्पनाशक्ती आणि निरीक्षण यांचा प्रश्न निकालात निघाला. इंग्रजीचं म्हणाल तर मी तिला हेच चार सोप्या वाक्यांत सांगायला लावलं. तिने सांगितलं. क्रियापदं चुकली, दोन शब्द मराठीत राहिले, पण अर्थ पोहोचला. मराठी माध्यमातल्या नववीच्या मुलीकडून अपेक्षा करावी तेवढं इंग्रजी तिच्याकडे होतं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: “हे त्या वहीत लिहिलंस, तर कोण कोण वाचेल?”

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. बाई. वह्या गोळा करणारी मॉनिटर. बाकावरची शेजारीण, कारण ती आधी उघडून बघतेच. पालकसभेला वह्या टेबलावर मांडतात, तेव्हा सगळ्यांच्या आया. “आणि चांगलं झालं तर सगळा वर्ग,” ती म्हणाली. चांगलं झालं तर! बक्षिसाबद्दल बोलताना मुलांचा आवाज असा होत नाही. मी विचारलं, तेव्हा आठवीतली गोष्ट बाहेर आली.

आठवीत विषय होता, विसरता न येणारा दिवस. बायने ३ जून २०२० लिहिला होता. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. त्यात टाळेबंदीचे दिवस. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. बाय तेव्हा चौथी संपवून पाचवीत जायची होती. तिने लिहिलं होतं की कौलं एकेक उडत होती आणि आजी खाली बसून ती मोजत होती. बाबा दाराला पाठ लावून उभे होते. वारा पडल्यावर ते खाडीत आडोशाला ठेवलेली होडी बघायला गेले, परत आले आणि पायरीवर बसून रडले.

बाईंना निबंध फार आवडला. त्यांनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, कौतुक म्हणून, अगदी मनापासून. त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण मधल्या सुट्टीत बायच्याच वाडीतल्या दोन मुलांनी ‘बाबा रडला, बाबा रडला’ चालवलं आणि संध्याकाळपर्यंत ते घरी पोचलं. वडील रागावले नाहीत. “घरातलं भायेर कशाला सांगितलंस गो?” एवढंच म्हणाले.

त्यानंतर बायने महाबळेश्वर निवडलं. तिथे तिच्या घरातलं कुणी राहत नाही.

आळस, चोरी, फसवणूक असे शब्द आपण गाइडमधून उतरवणाऱ्या मुलांना फार पटकन लावतो. काही मुलं खरोखर कंटाळ्यापोटी उतरवतात, हे मला मान्य आहे. पण बायसारख्या मुलांसाठी गाइड ही आडोशाची जागा असते. अनुभव लिहायला सांगणारा गृहपाठ मुलाच्या घराचं दार उघडतो आणि आत काय असेल ते आपल्याला आधी ठाऊक नसतं. विषय देताना बाईंच्या मनात सहल असते, वाढदिवस असतो. मुलाच्या मनात दारू पिऊन आलेले वडील असतात, मुंबईहून परत न आलेला भाऊ असतो, कर्जाचे हप्ते असतात. इंग्रजीच्या तासाला हे जास्त बोचतं, असं मला वाटतं. मराठीत मुलाला आडवळणाने जाता येतं, झाकून सांगता येतं. इंग्रजीत हाताशी शब्द थोडे, त्यामुळे जे आहे ते उघडंवाघडं कागदावर येतं, वर त्याला लाल शाई लागते.

मनातलं लिहिल्याने हलकं वाटतं, हे आपण ऐकतो. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये सहकारी संशोधिकेबरोबर प्रसिद्ध केलेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. महाविद्यालयीन मुलांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. हा दाखला देताना एक बाजू मात्र सांगायची राहते. त्या लिखाणाला गुण नव्हते, शुद्धलेखनाची चिंता करायची नव्हती, आणि ते कुणी वर्गात वाचून दाखवणार नव्हतं. शाळेच्या वहीत यातलं काहीच आपोआप मिळत नाही, ते मुद्दाम द्यावं लागतं.

म्हणून आधी एक साधी शंभर पानी वही आणायला सांगितली. ती फक्त बायची. भाषा कुठलीही, घरची बोली, मराठी, मध्येच इंग्रजी. बाईंना दाखवायची नाही, मला दाखवायची नाही, आणि आईनेही उघडायची नाही. आईला हे पटेना. “मग चुका कोण काढणार?” चुका शाळेच्या वहीत काढता येतील, असं मी सांगितलं. ती गप्प राहिली, पण कबूल झाली नव्हती. पुढच्या भेटीत तिने सांगितलं की वही गादीखाली असते हे तिला ठाऊक आहे आणि गादी झटकताना ती हात आखडता घेते. आईसाठी ही सोपी गोष्ट नाही. मुलीच्या काळजीपोटीच हात जातो.

दुसरं काम शाळेच्या वहीचं. तिथे मी बायला खोटं लिहायची मुभा दिली. खरं म्हणजे गोष्ट लिहायची. घटना आपली घ्यायची, माणसं बदलायची, गाव बदलायचं, ‘मी’ काढून टाकायचा. मराठीच्या तासाला आत्मवृत्तं तिने पोत्याने लिहिली होती, फाटक्या पुस्तकाचं, पडक्या किल्ल्याचं. मी म्हटलं, तेच इंग्रजीत कर. बोलायला कुणीतरी दुसरं उभं कर.

तिने दार निवडलं.

त्या पानावरची इंग्रजी वाक्यं लहान लहान होती. मराठीत सांगायची तर अशी: मी लाकडाचं आहे. माझं वय आजीएवढं आहे. आज वारा मला मागत होता. माझ्यावर एका माणसाची पाठ होती. ती गरम होती आणि थरथरत होती. मला वाटलं तो मला धरतोय, पण मीही त्याला धरलं होतं.

क्रियापदाचे काळ तीन ठिकाणी चुकले होते. ते तिने नंतर दुरुस्त केले, कारण मी तिला एकाच वेळी दोन कामं करू दिली नाहीत. आधी सगळं घरच्या बोलीत सांगायचं, मग लागतील ते मोजके इंग्रजी शब्द कडेला लिहायचे, मग वाक्यं, आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. काय सांगायचं ते शोधणं आणि ते परक्या भाषेत बिनचूक बसवणं, ही दोन वेगळी ओझी आहेत. ती दोन्ही एकदम डोक्यावर दिली की बोलकी मुलंही जागच्या जागी थांबतात.

बायच्या संमतीने मी तिच्या बाईंनाही भेटले. आठवीतली गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. वर्गभराच्या वह्या, वर अभ्यासक्रम पुरा करायचा, आणि तरीही दर आठवड्याला मुलांना लिहितं करण्याची त्यांची धडपड. अशा शिक्षिका मिळणं हे मुलांचं भाग्य आहे, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी स्वतःच तोडगा काढला. पानाच्या कोपऱ्यात मुलांनी खूण करायची: एक टिंब म्हणजे फक्त बाईंनी वाचायचं, दोन टिंबं म्हणजे वर्गात वाचलं तरी चालेल. वह्या मॉनिटरने गोळा न करता थेट त्यांच्या हातात द्यायच्या. शिवाय प्रत्येक विषयाबरोबर एक पूर्ण काल्पनिक पर्याय.

एक अपवाद मात्र मुलांना आधीच सांगून ठेवायला मी त्यांना सुचवलं. कुणी मारतंय, नको तिथे हात लावतंय, किंवा जगणं नको झालंय असं पानावर आलं, तर ते बाईंपुरतं राहणार नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक त्यांनी वर्गात लावले. गुप्ततेचं वचन देऊन नंतर ते मोडण्यापेक्षा त्याची हद्द सुरुवातीलाच सांगितलेली बरी.

राहिला बोर्डाचा प्रश्न. आईने तो प्रत्येक भेटीत विचारला आणि तो रास्त आहे. दहावीला ८० गुणांची लेखी कृतिपत्रिका आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. लेखनकौशल्याच्या भागात पत्र असतं, दिलेल्या माहितीवरून लिहायचं असतं, मुद्द्यांवरून किंवा सुरुवातीवरून गोष्ट पुढे न्यायची असते. पत्राचा साचा पाठ करावाच लागतो आणि त्यात काही वावगं नाही. पण दिलेल्या मुद्द्यांवर महाबळेश्वरची सहल चिकटवता येत नाही. आठवड्याला एक पान स्वतःचं लिहिणाऱ्या मुलीला परीक्षेत अनोळखी सुरुवात आली तर दचकायला होत नाही. हे सांगितल्यावर आई जरा सैलावली.

बाय आता दहावीत आहे. तिची स्पेलिंगं अजून चुकतात. शाळेच्या वहीत बहुतेक पानांवर एकच टिंब असतं, आणि बाईंनी त्याबद्दल तिला कधी टोकलेलं नाही. दाराच्या आत्मवृत्ताला तिने दोन टिंबं दिली, कारण ते कुणाचं दार हे वर्गात कुणी ओळखणार नव्हतं. वडिलांना ते वाचून दाखवायचं का, हे तिचं अजून ठरलेलं नाही, आणि त्याची घाई करू नको असंच मी तिला सांगितलं आहे.

तुमचं मूल घरात भरभरून बोलत असेल आणि याच वहीपुढे अडत असेल, तर त्याला रागावण्याआधी विचारा, हे कोण कोण वाचतं? उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. पालकसभेला जाल तेव्हा इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना आदबीने म्हणा, “घरचा विषय असेल तर वर्गात वाचण्याआधी तिला एकदा विचाराल का?” मी ज्यांच्याशी हे बोलले, त्यातल्या बहुतेक शिक्षकांनी लगेच होकार दिला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.