"ते" काय असतं ते, नाव घेऊन बोल

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचला. लग्न ठरलंय, लगेच मूल नको, होणारी बायको म्हणते गर्भनिरोधक गोळी म्हणजे गर्भपातच ना, आणि वहिनी म्हणते फॅमिली प्लॅनिंग दोन मुलं झाल्यावर करतात. तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय रे! गर्भनिरोध म्हणजे दिवस जाऊच नयेत म्हणून केलेली तजवीज. दिवस गेल्यावर करतात तो गर्भपात, त्याची औषधं वेगळी, कायदा वेगळा, तिथे डॉक्टर हवाच. आणि वहिनी म्हणते ते ऑपरेशन. आपल्याकडे "प्लॅनिंग केलंय" म्हटलं की बाईचं ऑपरेशन झालं असंच धरतात, पण कंडोम, गोळ्या, तांबी (गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) हे सगळं कुटुंब नियोजनच. म्हणून सांगते, नाव घे. "तसलं काही", "काळजी घेतो" हे बंद कर आधी.

नुसतं "गोळी" म्हणूनही भागत नाही. मी नर्स होते तेव्हा एक बाई माझ्याकडे आलेली, गोळ्या चालू असून दिवस गेले म्हणून चिडलेली. पाकीट काढायला लावलं तर मधल्यामधल्याच गोळ्या गायब, बाकी जशाच्या तशा. जवळ आले त्या रात्री एक घ्यायची, तिला कुणी तसंच सांगितलेलं. अगं, 28 ची पट्टी ही, 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या, रोज एक, नवरा गावाला गेला तरी! संबंधानंतर 72 तासांत घेतात ती इमर्जन्सीची गोळी निराळी. ती जितकी लवकर तितकी बरी, पण नेहमीची म्हणून वापरायची नाही, आणि दिवस राहिलेले असले तर तिने गर्भ पडत नाही. तुझ्या होणाऱ्या बायकोला हे सांग. रोजची सुरू करायच्या आधी बीपी वगैरे दाखवून घ्या.

नोकरीत असताना मी मीटिंगमध्ये कंडोम शब्द मोठ्याने उच्चारायचे तर लोक खाली बघायचे, सिस्टरला लाज नाही म्हणायचे. म्हणोत. 1921 साली मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यांची प्राध्यापकी गेली, पुढे मासिक चालवलं तर अश्लीलतेचे खटले झाले, तरी माणूस शेवटपर्यंत लिहीत राहिला. त्यापुढे मला कुणी चार शब्द बोललं तर काय बिघडलं? मी बोलले म्हणून निदान काही बायका तरी नाव घेऊन विचारायला लागल्या. हळू आवाजात सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का, तूच सांग.

खंत एकच. सगळी नोकरी बायकांच्या खोलीत गेली, पुरुष बाहेरच्या बाकावर. नसबंदी म्हटलं की आणीबाणीतली सक्ती आठवते नाहीतर मर्दानगी जाईल असं वाटतं, आणि शेवटी ऑपरेशन बाईचंच, खरं तर पुरुषाचं सोपं असतं. तुला आत्ता त्याची गरज नाही, ते कायमचं. तुमच्यासाठी कंडोम आहे, त्याने लैंगिक आजारही बरेचसे टळतात. तांबीही आहे, प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षं चालते, काढली की परत दिवस राहू शकतात.

काय निवडायचं ते तुम्ही दोघं डॉक्टरशी बोलून ठरवा. पण तिला एकटीला आत पाठवून तू बाहेर मोबाईल बघत बसलास तर मला परत मेसेज करू नकोस.

तुझी मावशी