आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस): सांध्याच्या आत पेशींची काय भानगड चाललेली असते? तुमचे प्रश्न

प्रश्न: आईला आमवात आहे, त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात इम्युनिटी कमी झाल्याने झालाय, गुळवेलीचा काढा देऊ का?

उत्तर: उलटं आहे हो. इम्युनिटी कमी पडलेली नाही, ती आपल्याच सांध्यांवर उठलीय, तिला अजून कशाला चेव आणायचा? आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद आहेच, पण मेथोट्रेक्सेटचाही लिव्हरवर ताण येऊ शकतो, ते चालू असताना लिव्हरशी खेळू नये हे माझं मत.

प्रश्न: अँटी-सीसीपी (आमवाताची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलीय पण एकही सांधा सुजलेला नाही. रिपोर्ट चुकला का?

उत्तर: चुकलाच असेल असं नाही, ही टेस्ट जी अँटीबॉडी शोधते ती सूज यायच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात सापडू शकते. आपल्या प्रोटीनमधल्या आर्जिनिनचं कधीकधी सिट्रुलिन होतं, सिगरेटच्या धुराने फुफ्फुसात हे वाढतं, हिरड्या खराब असतील तर तिथेही. मग ज्यांच्या जीन्समध्ये तशी प्रवृत्ती आहे त्यांच्या टी पेशींना (इम्युनिटीच्या पेशी) हे बदललेलं प्रोटीन परकं वाटतं, त्या बी पेशींना भरीला घालतात आणि त्यातून अँटीबॉडी बनत राहतात. पुढे सगळ्यांनाच आमवात होतो असं नाही. सिगरेट सोडा, दात दाखवून या, आणि सकाळी बोटं आखडायला लागली तर घरी बसू नका.

प्रश्न: टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनने माझी सूज भराभर उतरली. इतक्या पेशी गुंतलेल्या असताना एकच सिग्नल अडवून कसं भागतं?

उत्तर: छान विचारलंत. सांध्याचं आतलं अस्तर एरवी जेमतेम एक-दोन पेशींच्या थराचं असतं, आमवातात तिथे गर्दी होऊन ते चांगलं जाड होतं. टी पेशी मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पेशी) चिथावतात, मॅक्रोफेज टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ हे सूज वाढवणारे सिग्नल सोडतात, ते अस्तरातल्या फायब्रोब्लास्टना (अस्तर बांधणाऱ्या पेशी) लागले की तेही आयएल-६ सोडायला लागतात, वर आणखी पेशींना बोलावून घेतात, म्हणजे गल्लीतल्या भांडणात सोडवायला आलेलाच हात उचलायला लागतो तसं. हेच फायब्रोब्लास्ट कूर्चा कुरतडतात आणि हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार करायला लावतात, एक्स-रेत दिसतात ते खड्डे त्यांचेच. लंडनच्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या टीमने पेशंटच्या सांध्यातल्या पेशी काढून डिशमध्ये फक्त टीएनएफ अडवला, तर आयएल-१ सुद्धा खाली आलं! मग १९९२ मध्ये पेशंटवर पहिली ट्रायल सुरू झाली. पण सगळ्यांना हे लागू पडत नाही, काहींचं गाडं आयएल-६ वर चालतं, काहींचं बी पेशींवर, म्हणून टॉसिलिझुमॅब (आयएल-६ साठी), रिटुक्सिमॅब (बी पेशींसाठी) वगैरे वेगळी औषधं आहेत. आणि बरं वाटतंय म्हणून इंजेक्शन मनाने बंद करू नका, चिडलेले फायब्रोब्लास्ट आतच बसलेले असतात.

प्रश्न: त्याच इंजेक्शनआधी टीबीची टेस्ट कशाला? मला खोकलासुद्धा नाही.

उत्तर: आपल्याकडे कितीतरी लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, मॅक्रोफेज आणि टी पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात आणि ते कडं टिकवायला टीएनएफच लागतो. तो अडवला की कडं ढिलं पडतं आणि टीबी उसळी मारतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मॉन्टू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर आधी टीबीची औषधं सुरू करायची, साधारण महिनाभराने इंजेक्शन.