निवृत्तीसाठी किती साठवू?

प्रश्न : वय 40, जळगावात खासगी नोकरी, पेन्शन नाही. घर स्वतःचं, मुलांचा खर्च वगळून महिना 20,000 लागतात. 60व्या वर्षापर्यंत किती जमवायचं?

उत्तर : महागाई 6 टक्के धरली तर 20 वर्षांनी याच खर्चाला 64,000 लागतील, म्हणजे वर्षाला 7.7 लाख. 85व्या वर्षापर्यंत पुरायला, निवृत्तीनंतरचं व्याज महागाईइतकंच धरून, 25 पट : 1.92 कोटी. आकडा पाहून घाबरू नका. परतावा 10 टक्के मिळाल्यास, हमी नसली तरी, दरमहा 12,000ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक गुंतवणूक) दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढवत नेली की पुरते. न वाढवल्यास 25,300 लागतील. पीएफची अपेक्षित रक्कम आधी वजा करा. अंगावरचं सोनं मात्र हिशोबात धरू नका, ते सहसा कुणी मोडत नाही. आरोग्यविमा वेगळा घ्या.