हार्ड डिस्क एकाच पीसीवर रुसली असेल तर

तुझी यूएसबीने जोडायची हार्ड डिस्क तुझ्या पीसीवर उघडत नाही, पण भावाच्या लॅपटॉपवर उघडते, असं विचारलंस ना? घाबरू नकोस. लॅपटॉपवर उघडतेय म्हणजे डिस्क बहुधा धडधाकट आहे, दुखणं तुझ्या पीसीत आहे. आधी त्याच लॅपटॉपवरून महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घे. बाकी सगळं नंतर.

१. कॅबिनेटच्या पुढचं पोर्ट सोड, हबही (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारा डबा) नको. केबल मागे थेट मदरबोर्डच्या (पीसीतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) पोर्टात लाव. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००, आणि आतली तबकडी फिरायला लागताना करंट जास्त ओढते. दिवा लागतो, टिक-टिक होते, पुन्हा शांत? लॅपटॉपवर असा आवाज नसेल, तर बहुधा वीजच कमी पडतेय.

२. डिस्क मॅनेजमेंटमध्ये (विंडोजमधलं डिस्कची यादी दाखवणारं टूल) दिसते, पण पुढे D:, E: असं अक्षर नाही? राइट क्लिक करून मोकळं ड्राइव्ह लेटर दे.

आणि विंडोजने 'फॉरमॅट करायचं का?' विचारलं की मुकाट्याने कॅन्सल. फॉरमॅटला 'हो' म्हणणं, नवशिक्यांची सगळ्यात महागडी क्लिक हीच. (मीही केलीय, बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. अजून ऐकतोय.)

ड्रायव्हर (डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर), रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज) यांना सध्या हात लावू नकोस. मागच्या पोर्टावर काय होतं ते आधी सांग.