रंगावरून कुंभारीण ओळखता येते का?

प्रश्न : आमच्या पडवीत दोन कुंभारणी, म्हणजे मातीचे कुंभ लिंपणाऱ्या गांधीलमाश्या, ये-जा करतात. एक जवळजवळ सगळीच तांबूस-पिवळी, दुसरीच्या पोटावर जाड काळा पट्टा. दोघींचे फोटो पाठवले आहेत. या दोन वेगळ्या जाती समजायच्या का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नुसत्या पट्ट्यावरून तसं समजू नका. मीही पूर्वी अशा दोघींना वहीत दोन वेगवेगळी नावं दिली होती. मग एका पावसाळ्यानंतर खिडकीच्या चौकटीवरचा मातीचा पुंजका सुरीने अलगद सोडवून काचेच्या बरणीत ठेवला आणि तोंडाला मलमल बांधली. एकाच आईने लिंपलेल्या त्या कुंभांतून चौघं बाहेर आली. दोघांचा काळा पट्टा कडेपर्यंत पोचलेला, एकाचा मधेच तुटलेला, एकाचा तर नुसता ठिपका. सख्ख्या भावंडांत एवढा फरक! वहीतली ती पानं मी त्याच दिवशी खोडली.

रंग उलट बाजूनेही चकवतो. एकदा डंख खाल्लेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला पुन्हा जात नाही, म्हणून एकाच भागातल्या वेगवेगळ्या जाती एकमेकींसारख्या दिसू लागतात. शिवाय तीच जात दूरच्या प्रदेशात निराळ्या रंगात भेटते.

मग बघायचं काय? आधी कंबर. पोटाचा पहिला खंड लांब देठासारखा आणि त्यापुढे एकदम फुगवटा, हे तुमच्या दोन्ही फोटोंत स्पष्ट आहे. म्हणजे दोघी कुंभारणींच्या डेल्टा किंवा तिच्या जवळच्या युमेनिस या गटातल्या. जुन्या अभ्यासकांनीही आकारच धरला होता. फाब्रिसियस या डॅनिश कीटकतज्ज्ञाने १७७५ साली दिलेली दोन नावं पाहा : पायरिफॉर्मी म्हणजे नासपतीसारखी, कॅम्पॅनिफॉर्मी म्हणजे घंटेसारखी. दोन्ही आज डेल्टा गटात आहेत.

त्यानंतर मिशा. नराच्या मिशीला १३ पेरं आणि टोकाला आकडा असतो, मादीला १२ पेरं आणि आकडा नाही. नराचा चेहरा पुष्कळदा जास्त पिवळा असतो, त्यामुळे एकाच जातीचे नर-मादी परके वाटतात. तुमचे फोटो पाठीवरून काढलेत, मिशांची टोकं त्यात दिसतच नाहीत.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. भिंतीवर चिखलाच्या नळ्या लिंपणारी, तारेसारख्या कंबरेची काळी-पिवळी माशी वेगळ्याच कुळातली. ती पिल्लांसाठी आपल्या मातीच्या घरात कोळी भरते, तुमची कुंभारीण अळ्या भरते. बसल्यावर कुंभारीण पंखांची लांबीच्या दिशेने घडी घालते, ती दुसरी घालत नाही.

तेव्हा एक फोटो बरोबर बाजूने काढा, कंबरेचा देठ पुरता दिसेल असा, आणि एक समोरून चेहऱ्याचा. सकाळी गारव्यात ती सुस्त असते, तेव्हा जवळ जाता येईल. कुंभाचं तोंड लिंपलेलं असेल तर फोडू नका, आत पिल्लू आहे. बाजूला भोक दिसलं की समजा घर रिकामं झालं.